माझ्या गोळ्या, भावाचं पोट

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला मला आहे. दुसरा माझ्या धाकट्या भावाला, रूपेशला. दोन्ही आतड्याचे, दोन्ही चिवट, दोन्हींत संडासाच्या फेऱ्या. एवढं साम्य लोकांना पुरतं. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही.

रूपेश पनवेलजवळ कोन गावात राहतो, आमच्या माहेरच्या घरात, आई आणि बायकोबरोबर. त्यामुळे ‘क्रोन्स’ म्हटल्यावर आमच्या मावशीनं ऐकलं ‘कोनचा’. तिनं अगदी मनापासून विचारलं, “आपल्या गावाचंच नाव कसं गो दिलं रोगाला? पान्यानं होतंय का?” चुलत काकांना तोच शब्द ‘कोरोना’ ऐकू आला. ते तोंडाला रुमाल बांधून भेटायला आले आणि ओट्यावरूनच परत गेले. तुम्हाला हसू येत असेल. मला तेव्हा आलं नव्हतं.

माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या घरात जे झालं ते बऱ्याच घरांत होतं, लिहा. म्हणून लिहिते. पण लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी वर्षभर कुणालाही सांगितली नव्हती.

तीन वेळा मूळव्याध

मी खांदा कॉलनीत राहते आणि लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारा स्टेअरिंगवर, मी शेजारच्या सीटवर, माझ्या पायाखाली जादाचा क्लच आणि ब्रेक. सकाळी सातपासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचेस. या धंद्यात सगळं सहन करता येतं. हॉर्न, शिव्या, पहिल्या गिअरमध्ये रडणारं इंजिन. फक्त मध्येच उठून जाता येत नाही.

सुरुवातीला रक्त पडलं. जवळच्या डॉक्टरांनी न तपासता सांगितलं, मूळव्याध. मलम दिलं. महिन्यानं पुन्हा गेले, पुन्हा मूळव्याध, दुसरं मलम. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “डॉक्टर, दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं, आव पडते, पोटात मुरडा येतो.” ते म्हणाले, “बाहेरचं खाता का?” मी म्हटलं, “नाही.” ते म्हणाले, “तेच बंद करा.”

मग तो दिवस आला. गाडीवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. फार शिस्तीच्या बाई. मला कळ आली तशी मी म्हटलं, “बाई, गाडी बाजूला घ्या.” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही आत्ताच उजवीकडे वळायला सांगितलंत.” मी म्हटलं, “आता डावीकडे घ्या, थांबवा.” त्या म्हणाल्या, “इंडिकेटर आधी देऊ का?” मी ब्रेक मारला. पण तोवर उशीर झाला होता. माझ्या सीटवर मी स्वतःचं जर्किन अंथरलं, बाईंना रिक्षात बसवलं आणि घरापर्यंत गाडी चालवत आले. वय वर्षं एकोणचाळीस. बाकीचं तुम्ही समजून घ्या. ज्यांना हा आजार आहे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला, महेंद्रला, फोन केला आणि म्हटलं, “मला पोटाच्या मोठ्या डॉक्टरकडे ने. आजच.” तो म्हणाला, “मूळव्याधच आहे ना ती?” त्या फोनवर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

दुर्बिणीच्या तपासणीपेक्षा आदल्या दिवशी पोट साफ व्हायला प्यावं लागतं ते औषधाचं पाणी वाईट, हे सगळे सांगतात आणि खरं सांगतात. तपासणीत झोपेचं औषध देतात, काही कळत नाही. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई कागदावर आतड्याचं चित्र काढत होत्या. मोठं आतडं म्हणजे उलटा ‘यू’. त्याच्या अगदी खालच्या टोकापासून वर अर्ध्यापर्यंत त्यांनी पेन्सिलीनं सलग रेघोट्या मारल्या. “इथपासून इथपर्यंत आतलं अस्तर सोललं गेलंय. मध्ये कुठे चांगली जागा नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस. तुम्ही काही खाल्लंत म्हणून झालेला नाही. औषधं मात्र बरं वाटलं तरी चालूच ठेवायची.”

मला भीती वाटायला हवी होती. मला आधी आनंद झाला. मूळव्याध नव्हती! कुणीतरी तपासलं होतं! भीती दुसऱ्या दिवशी वाटली, आणि मग ती राहायलाच आली.

मसाल्याच्या गोळ्या

त्या गोळीचं नाव मेसालामाईन. आईला ते उच्चारता येईना, म्हणून ती ‘मसाल्याच्या गोल्या’ म्हणायला लागली. ज्या रोगात माझा मसाला बंद झाला त्याच रोगाची गोळी मसाल्याची. सुरुवातीला जोडीला स्टेरॉइडही होतं. त्यानं माझा चेहरा भाकरीसारखा फुगला आणि कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, “तब्येत छान सुधारलीय हो.” बरं वाटत असलेल्या दिवशी मी कधी इतकी छान दिसले नव्हते.

उपायही आले. डाळिंबाची साल, बेलाचा मुरंबा, गाईचं ताक, गाईचं बाकीचंही. एका शिकाऊ माणसानं चालत्या गाडीत मला सांगितलं, “मॅडम, हे सगळं टेन्शननं होतं.” तेव्हा तो उलट्या बाजूनं जात होता आणि समोरून एसटी येत होती.

पण चार-पाच महिन्यांत गोळ्यांनी काम केलं. रक्त थांबलं. फेऱ्या दोनवर आल्या. मी पुन्हा सकाळच्या बॅचेस घ्यायला लागले. प्रत्येक रस्त्यावर कुठे संडास आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते हे पाठ ठेवून, पण घ्यायला लागले. घरात सगळ्यांनी निष्कर्ष काढला की रोग काही एवढा मोठा नव्हता. मसाल्याच्या गोळ्या घेतल्या आणि गेला.

हा निष्कर्ष आम्हाला पुढे फार महागात पडला. आणि तो मीही खोडून काढला नाही. मलाही तो आवडत होता.

आईचा फोन

दोन वर्षांनी आईचा फोन आला. मी गाडीत होते, शिकणारीनं नुकतीच कठड्याला घासली होती.

“रूपेशचं पोट दुकतंय गो. जेवला की दुकतंय. बारीक पन झालाय. तुज्यासारकंच हाय.”

“रक्त पडतं का?”

“तो काय सांगतो? आंगात कनकन असते म्हनतो. तोंड आलंय.”

मी म्हटलं, “मग तेच असेल. घरात एकाला असलं की दुसऱ्याला होतं म्हणे.”

“तुज्या गोल्यांचं नाव सांग.”

मी पुढच्या लाल सिग्नलला चिठ्ठीचा फोटो पाठवला. माझ्या नावाची, माझ्या वजनाची, माझ्या आतड्याची चिठ्ठी. खाली लिहिलं, “डॉक्टरांना दाखव.” म्हणजे रूपेशला डॉक्टरांना दाखव असं मला म्हणायचं होतं. त्यांनी वाचलं ते असं की फोटो मेडिकलवाल्याला दाखव. किंवा त्यांना जसं वाचायचं होतं तसं वाचलं. फोटो पाठवून सिग्नल सुटायच्या आत मी विसरूनही गेले.

रूपेशचे दोन डंपर आहेत. खडी, रेती, कुठे बांधकाम असेल तिथे. दिवसभर धुळीत, उभ्या उभ्या जेवण. दुखणं सांगणं हे त्याच्या स्वभावातच नाही. पुढच्या महिन्यांत मी त्याला दोन-तीनदा भेटले. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. मी विचारलं, “गोळ्या लागू पडतायत का?” बघा, डॉक्टरांनी काय सांगितलं असं मी विचारलंच नाही. तो म्हणाला, “बरं हाय.” मी माझ्या बॅचला पळाले.

सात महिने तो माझ्या गोळ्या खात होता.

पोपटी

थंडीत आमच्याकडे वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, मडकं उलटं करून भोवती जाळ. रूपेशला पोपटी जीव की प्राण. त्या दिवशी त्यानं पोटभर शेंगा खाल्ल्या, काही सालींसकट.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास प्रणालीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. ती ओरडत नव्हती, म्हणूनच मी घाबरले. “ताई, यांचं पोट ढोलासारखं झालंय. सकाळपासून उलट्या थांबत नाहीत. हिरवं पडतंय. ते दवाखान्यात यायला नाही म्हणतायत. तुम्ही या, तुमचं ऐकतील.”

मी शिकणाऱ्याला खाली उतरवलं आणि गाडी कोनकडे घेतली. वर पाटी ‘शिकाऊ’ आणि मी ट्रेलरच्या गर्दीतून वाट काढत चाललेले. पोचले तेव्हा रूपेश ओसरीत भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आई त्याच्या बेंबीभोवती हिंग लावत होती.

“उठ,” मी म्हटलं.

“गॅस झालाय. जाईल.”

“रूपेश, सकाळपासून वारा सरलाय का?”

तो मग बारीक आवाजात म्हणाला, “काल दुपारपासून नाय.”

मी आणि प्रणालीनं त्याला काखेत धरून गाडीत घातलं. खड्ड्याखड्ड्याला तो कण्हत होता आणि मला म्हणत होता, “हलू घे ना गो, तू शिकवतेस ना लोकांना?”

“ही कोणी दिली?”

नवीन पनवेलच्या हॉस्पिटलात त्याच्या नाकातून पोटात नळी घातली. तोंडानं पाणीसुद्धा बंद. स्कॅन झाला. आतडं अडलंय, एवढं संध्याकाळपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच डॉक्टरीणबाई त्याला बघायला आल्या. मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं की त्या म्हणतील, अरे, हे तर ताईसारखंच.

त्यांनी स्कॅन उजेडावर धरला. पेनानं एकेक जागा तपासली. मग म्हणाल्या, “हे तुमच्यासारखं नाही. तुमचं मोठ्या आतड्यात होतं. याचं लहान आतड्याच्या शेवटाला आहे. इथे इतकं आवळलंय की शेंगेची साल पुढे जाणार नाही. मग हा तुकडा चांगला. मग इथे पुन्हा सूज. क्रोन्स असू शकतो. टीबीही असू शकतो, आपल्याकडे दोन्ही दिसायला सारखे दिसतात. तुकडा तपासल्याशिवाय मी नाव देणार नाही.”

मग त्यांनी विचारलं, “आधी काही औषध चालू होतं?”

रूपेशनं नळीसकट मान वळवली. प्रणालीनं पिशवीतून अर्धी संपलेली पट्टी काढून दिली. मसाल्याची गोळी.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. “ही कोणी दिली?”

“मेडिकलमधून घेतली,” रूपेश म्हणाला.

“कुणाच्या चिठ्ठीवर?”

“अशीच.”

“किती दिवस?”

“सात महिने.”

“सात महिने! अहो, ही गोळी मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काम करते. तुमच्या आजाराच्या जागी तिचा फारसा उपयोग नाही. सात महिन्यांपूर्वी आला असतात तर कदाचित आपण दुसरं काही करू शकलो असतो.”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुढे कितीतरी दिवस सांगत होते. मी खिडकीतून बाहेर पार्किंगमध्ये एक माणूस गाडी उलटी घेत होता ते बघत राहिले. त्याला जमत नव्हतं.

तपासताना आणखी एक निघालं. त्याला बसायच्या जागेशेजारी एक गळू होतं, सतत वाहणारं. भगंदर. क्रोन्समध्ये होतं म्हणे ते. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. वर्षभर डंपरच्या सीटवर तो उशी घेऊन बसत होता आणि घरात सांगत होता की पाठ दुखते.

चिंबोऱ्या

चार दिवस वाट पाहून आतडं मोकळं होईना, तेव्हा ऑपरेशन केलं. आवळलेला तुकडा काढला, दोन टोकं जोडली. मग हॉस्पिटलचं आयुष्य सुरू झालं. पहाटे रक्त काढायला येणारी, मग पोछा, मग नर्सबाईंचा रोजचा प्रश्न, “वारा सरला का?” आमच्या घरात या एका प्रश्नासाठी कुणी इतकं आतुर झालेलं मी पाहिलं नव्हतं. पाचव्या दिवशी तो सरला तेव्हा प्रणालीनं मला मेसेज केला: “सरला!!!” तो मला लायसन्सच्या रांगेत उभी असताना मिळाला आणि मी तिथे रडले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, पास झालात वाटतं.”

आणि शेजारच्या खाटेवरचे एक काका. पित्ताशयासाठी दाखल होते, बोलायचे फारसे नाहीत. रूपेशला पाणी बंद होतं तेवढे दिवस त्यांनी स्वतःचा चहा कधी त्याच्यासमोर प्यायला नाही. सलाइनचा खांब ढकलत बाहेर बाकावर जायचे. हे आम्हाला ते घरी गेल्यावर नर्सनं सांगितलं. आभार मानायचे राहून गेले.

तपासणीचं उत्तर आलं. टीबी नाही. क्रोन्स.

डॉक्टरीणबाईंनी आईला बसवून सांगितलं. आई सगळं ऐकून म्हणाली, “पन आता कापलं ना? मंग गेला रोग.”

“नाही हो आजी. हा आजार पुन्हा येऊ शकतो. बरेचदा जोड दिलाय तिथेच येतो. म्हणून औषध लागणार. सिगारेट तर आजपासून कायमची बंद.”

“आनि हिचा?” आईनं माझ्याकडे बोट केलं.

“ताईंचा मोठ्या आतड्यातच राहतो. अगदीच वेळ आली आणि ते आतडं पूर्ण काढलं तर तो आजार तिथे संपतो. पण त्यांना ती वेळ आलेली नाही.”

आईला राग आला. “म्हंजे हिचं कापलं तर संपतंय आनि हिला कापायचं नाय. त्याचं कापलंत तरी संपत नाय. ह्ये काय बोलनं झालं डाक्टर?”

मला वाटलं आता बाई वैतागतील. पण त्या म्हणाल्या, “आजी, मलाही ते आवडत नाही.”

आईचं माहेर उरणकडे, खाडीकाठी. तिच्या वडलांची बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली खारजमीन होती, ते मिठागरात कामाला जायचे. ती हळूच म्हणाली, “हिचं म्हंजे भरतीचं पानी. खालच्या अंगानं आत आलं की सलग वर चढत जानार, जमिनीच्या वरच्या वर. आनि त्याचं म्हंजे बांधाला चिंबोऱ्या लागल्या, खेकडं. हितं भोक, मग दहा पावलं बांध धड, मग पुन्ना भोक. आन भोक आरपार. एक बुजवलं तर दुसरीकडनं पोकरतात.”

डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. “असंच आहे,” त्या म्हणाल्या. “मग बांधावर माणूस कायम फिरता ठेवायला लागतो ना?”

“व्हय. बाबा रोज जायचा.”

“औषध म्हणजे तो माणूस.”

या सगळ्या प्रकरणात एकच माणूस पहिल्या दमात समजून गेला, आणि तो माणूस चौथी शिकलेली माझी आई निघाली. मला वाटलं, झालं, आता घरात तरी कुणी तुलना करणार नाही.

तिला बघ, त्याला बघ

कसचं काय. घरी आणल्यावर रूपेशला महिनाभर भेटायला माणसं येत होती आणि प्रत्येक माणूस एकच बोलत होता. “तुज्या बहिनीला बघ. तिला पन तेच हाय. दोन गोल्या खाते आनि दिवसभर गाडी फिरवते.” तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. दर काही आठवड्यांनी इंजेक्शन होतं, भगंदराची जखम धुवायची होती, वजन बारा किलोनं उतरलेलं, आणि लोक त्याला माझं उदाहरण देत होते.

मला उलटं सांगायचे. “तुझं काय, तुझं तर साधं. त्याचं बघ, पोट फाडलं.” जसं काही आम्ही दोघं एका परीक्षेला बसलो होतो आणि निकाल लावायचा होता.

मी प्रत्येकाला समजावलं. सलग, तुटक. वरचं अस्तर, आरपार. मोठं आतडं, कुठेही. ऐकून लोक म्हणायचे, “हां हां, म्हणजे एकच, फक्त जागा वेगळी.” शेवटी मी समजावणं सोडलं. एकाला म्हटलं, “काका, तुमची मोटारसायकल बिघडली की माझ्या गाडीचा स्पेअर पार्ट घालता का?” ते म्हणाले, “बसत असेल तर घालू.”

प्रणाली एकदा स्वयंपाकघरात माझ्यावर भडकली. मी तिला सांगत होते की त्याला ताक दे, मला चाललं होतं. तिनं पळी आपटली. “ताई, तुम्हाला काय चाललं ते मला सांगू नका. तुम्हाला चाललेलं एकदा चालवून बघितलंय आम्ही.” मग तीच रडायला लागली आणि म्हणाली, “सॉरी, मी चिठ्ठीचं नाही बोलले.” म्हणजे तिला माहीत होतं. फोटो मी आईसाठी म्हणून तिच्याच फोनवर पाठवला होता, हे मी विसरूनच गेले होते. आईला व्हॉट्सअॅप येतच नाही. मी एवढे दिवस जे लपवत होते ते तिच्या फोनच्या गॅलरीत पडलेलं होतं.

मी ताक फ्रिजमध्ये परत ठेवलं.

वर्षभरानंतर

या हिवाळ्यात माझा आजार उलटला. काही कारण नाही. गोळ्या चुकल्या नव्हत्या, बाहेरचं खाल्लं नव्हतं. पुन्हा रक्त, पुन्हा बारा फेऱ्या, पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा भाकरीसारखा चेहरा. आणि रूपेश तोवर उभा राहिला होता. इंजेक्शन मानवलं होतं, वजन भरलं होतं, डंपर सुरू झाले होते.

तर माझी आई, चिंबोऱ्यांवर बोललेली माझी आई, मला बघायला खांदा कॉलनीत आली आणि म्हणाली, “रूपेश बघ कसा बरा झाला. तुजंच कसं उलाटलं? तू पन ती सुई घे.”

मी उशीत तोंड घातलं. रूपेश तिला सोडायला आला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, “आई, तिचं तिच्या फाइलनं चालंल. तू गप बस.”

त्यानंच मला तपासणीला नेलं, महेंद्रला रजा नव्हती म्हणून. परत येताना गाडीत मी ठरवलं की आता सांगायचं. त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं. आईचा फोन, सिग्नल, फोटो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही, तू ‘अशीच घेतली’ म्हणालास आणि मी ते तसंच राहू दिलं. सात महिने माझ्यामुळे गेले.

त्यानं गिअर बदलला.

“तुज्यामुळं नाय गेले,” तो म्हणाला. “चिठ्ठीखाली तू लिवलं होतंस, डाक्टरला दाखव. मी वाचलं होतं.”

“मग?”

“मग काय. डाक्टरकडं गेलो असतो तर त्यानं खाली बघितलं असतं. मला ते दाखवायचं नवतं. आनि तुज्या गोल्यांनी तुझं थांबलं होतं. म्हटलं, बिना दाखवता काम होतंय.” मग म्हणाला, “तू निमित्त झालीस. मी निमित्तच शोधत होतो.”

अशा वेळी डोळे भरून येतात असं म्हणतात. माझं डोकं फिरलं. वर्षभर मी स्वतःला खात होते आणि हा शहाणा सगळं वाचून, समजून, लाजेपायी आतडं सडवत बसला होता! मी ओरडले. जर्किनवर बसून घरी आलेली बाई आहे मी, मला लाज सांगतोस? बहिणीला सांगायला काय झालं होतं? बायकोला? उशीवर बसून डंपर चालवलास वर्षभर, आणि एका डॉक्टरला दोन मिनिटं पाठ दाखवता आली नाही? त्यानं एकदाही मला अडवलं नाही. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो म्हणाला, “बोल अजून. आमच्या घरात मला कोनच वरडत नाय आता. आजारी म्हनून.”

तुमच्यापैकी कुणाला पोटाचं असं काही सुरू झालं असेल, तर मला विचारायला येऊ नका. रूपेशलाही विचारू नका. माझी चिठ्ठी माझी आहे. तुमचं पोट घेऊन पोटाच्या डॉक्टरकडे जा, आणि ते जिथे बघायचं म्हणतील तिथे बघू द्या. त्यांनी तुमच्याहून वाईट पाहिलेलं असतं. आणि तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याला दुसऱ्या आजारी माणसाचं उदाहरण देऊ नका. अगदी सख्ख्या बहिणीचंही.

त्या दिवशीचं एवढंच राहिलं. मी पुन्हा तोंड उघडलं, अजून बरंच बोलायचं होतं, आणि तेवढ्यात मला कळ आली. मी वाक्य अर्धं सोडून म्हटलं, “रूपेश, थांब.”

का, कुठे, आत्ताच का, काही विचारलं नाही त्यानं. इंडिकेटर न देता दोन लेन कापून त्यानं पेट्रोल पंपात गाडी घातली. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. मी दार उघडायच्या आत तो उतरला होता आणि किल्लीसाठी केबिनकडे धावत सुटला होता.